मिडवाइफकडे नाव नोंदवावे की प्रसूतितज्ज्ञांकडे?

प्रश्न – पहिलीखेप

मला विसावा आठवडा सुरू आहे आणि हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. आजवरच्या तपासण्यांत काळजी करण्यासारखे काही निघालेले नाही. रक्तदाब व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन चांगले आहे, बाळ एकच आहे आणि नुकत्याच झालेल्या सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडापासून पुरेशी वर असल्याचे नोंदवले आहे. मला पूर्वीचा कोणताही मोठा आजार नाही किंवा शस्त्रक्रियाही झालेली नाही.

मी ज्या रुग्णालयात जाते तेथे दोन प्रकारची व्यवस्था आहे. एकात सर्व तपासण्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर करतात आणि बाळंतपण नेहमीच्या प्रसूतिकक्षात होते, मात्र त्या वेळी कामावर जे डॉक्टर असतील तेच हजर राहतात. दुसरीत मिडवाइफचा, म्हणजे बाळंतपणाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या पण डॉक्टर नसलेल्या व्यावसायिकांचा, एक लहान गट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळतो आणि बाळंतपण त्याच इमारतीतील त्यांच्या स्वतंत्र कक्षात होते. तेथे एपिड्युरल (कळांच्या वेदना थांबवण्यासाठी पाठीत दिली जाणारी भूल) मिळत नाही आणि काही अडचण आली तर डॉक्टरांकडे हलवतात. दोन आठवड्यांत मला यांपैकी एक निवडून कळवायचे आहे.

माझ्या पतीचे म्हणणे असे की, डॉक्टर उपलब्ध असताना त्यांच्यापेक्षा कमी शिकलेल्या व्यक्तीच्या हाती बाळंतपण सोपवण्यात शहाणपणा नाही. माझ्या बहिणीचे म्हणणे नेमके उलट आहे. तिच्या मते डॉक्टरांकडे गेले की साध्या बाळंतपणाचेही सिझेरियन होते. दोघांचेही बोलणे मला अर्धवट वाटते, परंतु त्यातील कोणता अर्धा भाग खरा आहे हे ठरवता येत नाही. ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा ज्यांना दोन्हींचा अनुभव आहे त्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १ – शल्यकक्ष

मी अनेक वर्षे प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम केले आहे, तेव्हा माझ्या मताचा कल डॉक्टरांकडे असणार हे धरूनच पुढचे वाचावे.

कमी शिकलेली की जास्त शिकलेली, ही तुलना येथे फारशी उपयोगाची नाही, कारण दोघांचे शिक्षण वेगवेगळ्या कामांसाठी झालेले असते. प्रसूतितज्ज्ञाचे बरेचसे प्रशिक्षण बाळंतपणात काय बिघडू शकते आणि बिघडल्यावर काय करायचे यावर असते: सिझेरियन, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून केलेली प्रसूती, अडकलेली वार काढणे, झटके येणाऱ्या स्त्रीला सावरणे. मिडवाइफचे प्रशिक्षण सुरळीत चाललेले बाळंतपण सुरळीतच कसे राहील आणि ते रुळावरून घसरू लागले तर ते वेळेवर कसे ओळखायचे यावर भर देते. पहिलटकरणीच्या कळा कित्येक तास चालतात आणि त्या सगळ्या वेळेत डॉक्टर तिच्या खोलीत फार थोडा वेळ असतो, ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तो फेरी मारतो, तपासतो, सूचना देतो आणि दुसऱ्या खोलीत जातो. शेजारी परिचारिका किंवा मिडवाइफच असते. म्हणजे डॉक्टर निवडला म्हणून डॉक्टर उशाशी बसून राहील अशी आपल्या पतीची कल्पना असेल, तर ती आधीच दूर केलेली बरी.

असे असले तरी काही स्त्रियांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच येत नाही. पूर्वी सिझेरियन झालेले असणे, जुळी, पायाळू किंवा आडवे मूल, गर्भाशयाच्या तोंडावर असलेली वार, हृदयाचा आजार, इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि त्याबरोबर लघवीतून जाणारी प्रथिने, सदतीस आठवड्यांपूर्वीच सुरू झालेल्या कळा, यांपैकी काहीही असेल तर देखरेख प्रसूतितज्ज्ञाकडेच असली पाहिजे. अशा वेळीही मिडवाइफ सोबत असू शकते आणि असावी, परंतु निर्णयाची जबाबदारी डॉक्टरची. आपण दिलेल्या माहितीत यांपैकी काहीच नाही.

मात्र जोखीम एकदा तपासून कायमची ठरत नाही. विसाव्या आठवड्यात निर्धोक असलेल्या स्त्रीचा रक्तदाब चौतिसाव्या आठवड्यात चढू शकतो आणि छत्तिसाव्या आठवड्यातही बाळ पायाळू राहिलेले असू शकते. म्हणून कोणत्याही व्यवस्थेबद्दल माझा पहिला प्रश्न असा असतो की, गरोदर स्त्री या गटातून त्या गटात गेली हे त्यांच्या लक्षात कसे येते आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय होते. ज्या ठिकाणी मिडवाइफला फोन उचलून डॉक्टरशी थेट बोलता येते आणि तो फोन केल्याबद्दल तिला कोणी कमी लेखत नाही, तेथे मी माझ्या घरातल्या स्त्रीलाही निःशंकपणे पाठवीन. ज्या ठिकाणी दोन्ही बाजूंत धुसफूस असते तेथे कोणतीच बाजू सुरक्षित नाही.

यापुढे राहतात त्या आधी न कळणाऱ्या गोष्टी. डोके बाहेर आल्यावर खांदा अडकणे, नाळ आधी खाली सरकणे आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव या तिन्ही गोष्टी पूर्णपणे निरोगी स्त्रीच्या बाबतीतही घडतात. रक्तस्रावाचेच घ्या. बहुतेक वेळा कारण असते ते गर्भाशय आकसून घट्ट न होणे. त्या वेळी पोटावर हात ठेवला की नाभीच्या आसपास जो कडक गोळा लागायला हवा तो लागत नाही, सगळे मऊ आणि पसरलेले जाणवते. तेथेच हाताने चोळून गर्भाशय आकसवायचे, त्यासाठीचे ऑक्सिटोसिन हे औषध द्यायचे, लघवीची पिशवी रिकामी करायची, वार पूर्ण पडली आहे का आणि कोठे फाटले आहे का ते पाहायचे, शिरेतून द्रव सुरू करायचे आणि रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल द्यायचे. हे औषध पहिल्या तीन तासांच्या आत दिले तरच उपयोगी पडते आणि जितके लवकर द्यावे तितके चांगले. या पहिल्या काही मिनिटांत प्रशिक्षित मिडवाइफ जे करते तेच मीही करतो. फरक पडतो तो एवढ्याने रक्त थांबले नाही तर. मग भूल देऊन आतून तपासणी, गर्भाशयात फुगा घालणे, शस्त्रक्रिया आणि रक्त चढवणे, हे बहुतेक शल्यकक्षातच होते. म्हणून शल्यकक्ष त्याच इमारतीत आहे की दूर आहे हा प्रश्न पहिली तपासणी कोण करते या प्रश्नापेक्षा मोठा आहे. आपल्या रुग्णालयात तो त्याच इमारतीत आहे.

प्रतिसाद २ – आकडेवारी

मी वैद्यकीय व्यावसायिक नाही, परंतु संशोधनातील आकडे वाचणे हे माझे काम आहे. या विषयावर दोन्ही बाजूंनी जे आकडे फेकले जातात त्यांतील निम्मे तरी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत असतात.

इंग्लंडमधील ‘बर्थप्लेस’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात कमी जोखमीच्या ६४,५३८ स्त्रियांची माहिती होती आणि कळा सुरू होताना त्यांनी कोठे बाळंत होण्याचे ठरवले होते त्यानुसार तुलना केली होती. पहिलटकरणींमध्ये घरी बाळंत होण्याचे ठरवणाऱ्या गटात बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू अशा घटना हजारी ९.३ होत्या, तर डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात त्या हजारी ५.३ होत्या. मिडवाइफ चालवत असलेल्या कक्षांत मात्र प्रसूतिकक्षाच्या तुलनेत असा दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. मग ते कक्ष रुग्णालयाला लागून असोत वा रुग्णालयापासून वेगळ्या जागी असोत. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या स्त्रियांमध्ये तर चारही ठिकाणी दखल घेण्याजोगा फरक नव्हता. त्याच वेळी प्रसूतिकक्षात सिझेरियनचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते आणि रुग्णालयाला लागून असलेल्या मिडवाइफ कक्षात ४ टक्क्यांच्या थोडे वर. आपल्या बहिणीच्या बोलण्यातला खरा अर्धा भाग हा असावा.

परंतु यातून डॉक्टर विरुद्ध मिडवाइफ असा निकाल काढता येत नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षातही साधी बाळंतपणे मिडवाइफच करतात. या अभ्यासाने जागांची तुलना केली, माणसांची नव्हे.

माणसांच्या बाजूने पाहायचे तर एकाच मिडवाइफने किंवा लहान गटाने सलग काळजी घेण्याच्या पद्धतीवरील कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडणारा आढावा, पाहावा लागतो. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत अकाली प्रसूतीचे प्रमाण या पद्धतीत सुमारे एक चतुर्थांशाने कमी असल्याचे म्हटले होते आणि ते वाक्य आजही सर्वत्र उद्धृत होते. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत १७ चाचण्या आणि १८,५३३ स्त्रिया आहेत आणि तीत अकाली प्रसूतीबाबतचा तो फायदा टिकलेला नाही. जे टिकले ते असे: साधी योनीमार्गाने होणारी प्रसूती ६६ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेली, सिझेरियन १६ वरून १५ वर आले आणि स्त्रियांचे समाधान वाढले. म्हणजे सिझेरियनमधला फरक आहे, पण तो इतका लहान आहे की केवळ त्यासाठी कोणी एक बाजू निवडावी असे मला वाटत नाही. शिवाय या आढाव्यातील चाचण्या प्रामुख्याने सधन देशांतल्या आहेत, जेथे मिडवाइफ ही आरोग्यव्यवस्थेचा रीतसर भाग आहे. जेथे तसे नाही तेथे हे आकडे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे.

पहिलटकरणीसाठी सर्वात उपयोगी आकडा माझ्या मते आणखी वेगळा आहे. त्याच ‘बर्थप्लेस’ अभ्यासात रुग्णालयाला लागून असलेल्या मिडवाइफ कक्षात बाळंत होण्याचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४० टक्के स्त्रियांना कळांदरम्यान किंवा प्रसूतीनंतर लगेच डॉक्टरांच्या कक्षात हलवावे लागले. आधी बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आत होते. तेव्हा मिडवाइफ निवडली तरी आपले बाळंतपण डॉक्टरांच्या कक्षात संपण्याची शक्यता नगण्य नाही आणि त्या कक्षाचीही आधीच चांगली ओळख करून घेणे योग्य ठरेल.

प्रतिसाद ३ – दोघांचीआई

माझी दोन्ही बाळंतपणे डॉक्टरांकडे झाली, दोन्ही वेळा मी एपिड्युरल घेतले आणि मला त्याबद्दल तिळमात्र खंत नाही. पहिल्या वेळी मीही आधी मिडवाइफच्या एका माहितीसत्राला गेले होते. तेथे वेदनाशमनाचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचा सूर असा होई, जणू एपिड्युरल मागणारी स्त्री परीक्षेतून उठून जात आहे. कोणी तसे शब्द वापरले नाहीत, पण मला तो सूर समजला आणि मी दुसरीकडे नाव नोंदवले.

तेव्हा पहिलीखेप, कागद-पेन घेऊन आकडे मांडण्याआधी आपण स्वतःला विचारून पाहावे की, कळा सहन करण्याबद्दल आपल्याला मनापासून काय वाटते. ज्या स्त्रीला एपिड्युरल हवे आहे हे आधीच ठाऊक आहे, तिने ते मिळत नसलेल्या कक्षात जाऊन मग मध्येच हलण्यात काय अर्थ आहे? भूलतज्ज्ञ जेथे आहे तेथेच सुरुवातीपासून राहावे.

प्रतिसाद ४ – पाणमोट

मी मिडवाइफ आहे. दोघांचीआई यांनी जो सूर सांगितला तो मीही ऐकला आहे आणि मला तो आवडत नाही. वेदना सहन करणे ही पात्रता नव्हे. त्यांचा शेवटचा सल्लाही बरोबर आहे. ज्यांना एपिड्युरल हवेच आहे त्यांनी ते जेथे मिळते तेथेच नाव नोंदवावे. ज्यांचे मन ठरलेले नाही त्यांना आमच्या कक्षात पाण्याचा टब, हालचालीची मोकळीक, बहुतेक ठिकाणी श्वासातून घ्यायचा वेदनाशामक वायू, आणि मुख्य म्हणजे शेजारून न उठणारी एक व्यक्ती मिळते. कळांच्या काळात सतत कोणी सोबत असण्याचा परिणाम पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्यांत तपासला गेला आहे. त्याने साध्या प्रसूती वाढतात, सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळही काहीसा आखूड होतो. ही सोबत करणारी व्यक्ती मिडवाइफच असली पाहिजे असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मिडवाइफ नुसती धीर देत बसते असा समज असतो, म्हणून प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडे लिहिते. कमी जोखमीच्या स्त्रीच्या पोटाला आम्ही यंत्राचे पट्टे सतत बांधून ठेवत नाही. कळ ओसरली की लगेच हातातले डॉप्लर (ठोके ऐकवणारे छोटे यंत्र) लावून पूर्ण एक मिनिट बाळाचे ठोके मोजायचे. हे पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी, आणि जोर देण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. कळ ओसरल्यावरच का, तर कळेच्या दाबाखाली कमी झालेले ठोके लगेच पूर्ववत होतात की रेंगाळतात हे तेव्हाच कळते. त्याच वेळी मनगटावर दुसरा हात ठेवून आईची नाडी पाहायची, कारण डॉप्लरमध्ये कधी कधी बाळाऐवजी आईच्याच नाडीचा आवाज येतो आणि त्या आवाजावर विसंबणे घातक ठरू शकते. सतत चालणाऱ्या यंत्राशी याची तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये असे दिसले की, यंत्र लावल्याने नवजात बाळांचे झटके कमी होतात, परंतु बाळमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर होणारा कायमचा परिणाम) यांत फरक पडत नाही, आणि सिझेरियन मात्र वाढतात. ठोक्यांत काही खटकले की आम्हीही पट्टे बांधतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचाच अर्थ डॉक्टरांच्या कक्षात जाणे असा होतो.

दुसरी गोष्ट घाईची. गर्भाशयाचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे ही जुनी मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात बाजूला ठेवली आणि कळांचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा असे सांगितले. चार सेंटिमीटरला तासन् तास थांबलेली पहिलटकरीण ही अडलेली बाई नव्हे, तिच्या खऱ्या कळा अजून सुरू व्हायच्या आहेत. ही समज असलेल्या डॉक्टरांबरोबर मी काम केले आहे आणि ही समज नसलेल्या मिडवाइफही पाहिल्या आहेत. त्यामुळे आपली निवड कोणतीही असो, “कळा सुरू झाल्यावर किती उघडल्यानंतर दाखल करून घेता?” हा प्रश्न जरूर विचारावा. त्याच्या उत्तरातून त्या कक्षाचा स्वभाव समजतो.

आपल्या पतीच्या शंकेबद्दल एवढेच म्हणेन की, मिडवाइफ म्हणजे नेमकी कोण हे प्रत्येक देशात सारखे नसते. कोठे ती तीन-चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करून नोंदणी झालेली व्यावसायिक असते, कोठे परिचारिका होऊन वर आणखी प्रशिक्षण घेतलेली असते, आणि काही ठिकाणी तुटपुंज्या प्रशिक्षणावरही हे काम करता येते. परंपरेने बाळंतपणे करणारी सुईण हा तर वेगळाच विषय आहे आणि संशोधनातील वरील आकडे तिच्याबद्दलचे नाहीत. तेव्हा नोंदणी आहे का, खांदा अडकणे, रक्तस्राव आणि न रडणारे बाळ यांची तालीम दरवर्षी होते का, आणि त्या तालमीत डॉक्टरही सामील असतात का, हे सरळ विचारावे. चांगल्या कक्षात अशा प्रश्नांचा कोणाला राग येत नाही.

प्रतिसाद ५ – इतिहासवेडा

या विषयात व्हिएन्नाची आठवण यावी हे साहजिक आहे. तेथील सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात मिडवाइफ आणि त्यांच्या विद्यार्थिनी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास स्त्रिया दगावत, दुसऱ्यात चार टक्क्यांच्या आसपास, आणि पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून स्त्रिया विनवण्या करीत. शवविच्छेदन करून आलेले हात नीट स्वच्छ न करता डॉक्टर प्रसूतीसाठी येत, हे कारण सेमेलवाइस यांनी १८४७ साली ओळखले आणि क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती करताच मृत्यू झपाट्याने घटले. मिडवाइफचा विभाग सुरक्षित होता याची ही ऐतिहासिक साक्ष आहे.

प्रतिसाद ६ – शल्यकक्ष

साक्ष खरी आहे, पण ती हात धुण्याची आहे. त्या मिडवाइफ शवविच्छेदन करीत नसत म्हणून त्यांचा विभाग बरा होता. डॉक्टरांच्या विभागात हात धुतले जाऊ लागले तेव्हा तो फरक जवळपास मिटला. आज निवड करणाऱ्या स्त्रीला यातून काही ठरवता येणार नाही.

पहिलीखेप

सर्वांनी इतक्या तपशिलात लिहिले याबद्दल मनापासून आभार. पतीनेही सर्व प्रतिसाद वाचले आणि डॉक्टर उशाशी बसून राहत नाही हे वाचल्यावर त्यांचा आग्रह बराच सैल झाला आहे.

एपिड्युरलबद्दल माझे मन खरोखरच ठरलेले नाही. घ्यायचेच असे नाही, पण दार बंद झालेलेही नको आहे. चाळीस टक्के हा आकडा वाचून मात्र मी थबकले. हलवायचे ठरते तेव्हा तो निर्णय कोण घेते, ती वेळ नेहमी आणीबाणीचीच असते का, आणि तोवर सोबत असलेली मिडवाइफ बरोबर येते की मला अनोळखी माणसांच्या हवाली केले जाते? दारातून ढकलत नेत असलेल्या गाडीवर मी आहे असे चित्र डोळ्यांपुढे येते आणि बाकी सगळे मुद्दे मागे पडतात.

प्रतिसाद ७ – पाणमोट

ते चित्र बहुतेक वेळा खरे नसते. पहिलटकरणींना हलवण्याचे सर्वात मोठे कारण कळा पुढे न सरकणे हे असते, आणि एपिड्युरल हवे वाटणे हेही नेहमीचे कारण आहे. अशा वेळी स्त्री पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत, दोन कळांच्या मधल्या वेळात थांबत थांबत दुसऱ्या कक्षात जाते. बाळाचे ठोके अचानक घसरणे किंवा रक्तस्राव यांसाठी घाईने न्यावे लागते, पण अशा स्त्रियांचे प्रमाण कमी असते. त्यामुळे चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के आणीबाणी असे वाचू नये.

निर्णय सहसा मिडवाइफ सुचवते, डॉक्टरशी बोलते आणि आपल्याला कारण सांगून संमती विचारते. आपल्याला स्वतःलाही कोणत्याही क्षणी जायचे आहे असे म्हणता येते आणि त्यासाठी कारण द्यावे लागू नये. बरोबर कोण येते हे मात्र ठिकाणाठिकाणी वेगळे असते. काही रुग्णालयांत तीच मिडवाइफ पुढेही सोबत राहते आणि फक्त वैद्यकीय निर्णय डॉक्टरकडे जातात. काही ठिकाणी ती माहिती सोपवून परत फिरते, कारण तिच्या कक्षात दुसरी स्त्री वाट पाहत असते. माझ्या अनुभवात स्त्रिया बाळंतपणाबद्दल नंतर जी कटुता बोलून दाखवतात ती बहुतेक वेळा हलवण्याबद्दल नसते, ओळखीचा माणूस मध्येच दिसेनासा झाला याबद्दल असते. दोन्ही व्यवस्थांमध्ये निवड करताना हा एकच मुद्दा लावून धरायचा असेल तर मी तो लावून धरीन, आणि तोंडी आश्वासनावर न थांबता गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्षात काय झाले ते विचारीन.

प्रतिसाद ८ – शल्यकक्ष

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात डॉक्टरांच्या बाजूने विचारण्याजोगी एक गोष्ट जोडतो, जी माहितीपत्रकात कधी छापलेली नसते. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतो की घरून बोलवावा लागतो? एपिड्युरलचे दार उघडे आहे की नाही हे त्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि तातडीच्या सिझेरियनला किती वेळ लागेल हेही. काही ठिकाणी दिवसा जी सोय उत्तम असते ती रात्री आणि सुटीच्या दिवशी निम्म्यावर येते, आणि कळा घड्याळ पाहून येत नाहीत.

पहिलीखेप

आज दोन्ही कक्ष पाहून आले. भूलतज्ज्ञ चोवीस तास इमारतीतच असतात. हलवल्यावर मिडवाइफ सोबत राहते का, याचे उत्तर “शक्यतो राहते” असे मिळाले. मी ‘शक्यतो’चा अर्थ विचारला तेव्हा तेथील प्रमुख मिडवाइफने वही काढून दाखवली. रात्रपाळीत दोनच जणी असतात आणि कक्षात दुसऱ्या स्त्रीला कळा सुरू असतील तर सोबत येणे जमत नाही, असे तिने मोकळेपणाने सांगितले. तिच्या त्या मोकळेपणामुळेच मी तेथे नाव नोंदवले. डॉक्टरांच्या कक्षातील परिचारिकांशीही ओळख करून घेतली आहे आणि तेव्हा पती बरोबर होते, त्यामुळे त्यांनाही आता वाट माहीत आहे.

प्रतिसाद ९ – शल्यकक्ष

चांगले केलेत. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजला जातो आहे याकडे लक्ष असू द्यावे. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. मिडवाइफला दाखवले काय किंवा डॉक्टरला, दोन्ही चालेल. छत्तिसाव्या आठवड्यात बाळाचे डोके खाली आहे ना याची खात्री करून घ्यावी. ते वर असेल तर बाहेरून हातांनी बाळ फिरवून पाहण्याची वेळ तीच असते, आणि ते फिरले नाही तर कोणत्या कक्षात जायचे याची चर्चा नव्याने करावी लागेल.